खडे वजा जाता

पूर्ण निवृत्त माणसाचं एक बरं असतं. त्याच्याकडून घरात कुणाची काही अपेक्षा उरलेली नसते. सकाळी टेकडीवर जावं, येताना कोथिंबीर आणावी, ती जून निघाली म्हणून बोलणी खावीत, संपला दिवस. हाल होतात ते अर्धनिवृत्ताचे. बँकेने शाल-श्रीफळ देऊन मोकळं केल्यावर मी एका पतसंस्थेच्या हिशेबतपासणीचं काम धरलं, आठवड्यातले निम्मे दिवस. आता कामाच्या दिवशी बायको म्हणते, "बाहेर पडताच आहात, तर जाताना दळण टाका." सुटीच्या दिवशी म्हणते, "घरीच आहात, तर दळण घेऊन या." म्हणजे माणूस कामावर असो की घरी, गिरणी काही सुटत नाही.

यावर उपाय म्हणजे छंद, यावर सगळ्यांचं एकमत. छंद असला की 'ते नुसते बसलेत' याऐवजी 'त्यांचं काहीतरी चाललंय' असं म्हटलं जातं. निदान पाहुण्यांसमोर तरी. माझ्या बरोबरीचे बहुतेक जण कराओकेकडे वळले. कुठला तरी हॉल घेऊन ते एकमेकांना किशोरकुमार ऐकवतात आणि दुसऱ्याचं गाणं चालू असताना आपला नंबर कधी लागतो ते बघत बसतात. एकाने बोन्साय केलं. त्याच्याकडचा वड इतका लहान आहे, की वटपौर्णिमेला त्याच्या बायकोने सूत गुंडाळलं तर झाडच दिसेना. मी खड्यांकडे वळलो. रत्नांचे, उपरत्नांचे दागिने आपल्या हातांनी घडवायचे. हे खूळ कुठून आलं, असं लोक विचारतात. ते बँकेतूनच आलं.

माझी निम्मी नोकरी सोनेतारण कर्जात गेली. पद्धत सोपी असते. ग्राहक दागिना आणतो, बँकेच्या यादीवरचा सोनार तो कसोटीवर घासतो, तराजूत टाकतो आणि फॉर्मात तीन आकडे लिहितो : एकूण वजन, खडे वजा, निव्वळ वजन. कर्ज मिळतं ते निव्वळ वजनावर. खडा पाचू असो, पुष्कराज असो की जत्रेतली काच असो, बँकेच्या लेखी किंमत शून्य. घडणावळीला तर फॉर्मात रकानाच नाही. मी वर्षानुवर्षं त्या 'खडे वजा'खाली सही ठोकली आणि खड्याकडे ढुंकून पाहिलं नाही. एकदा एका आजींनी विचारलं होतं, "साहेब, सोनं काय, बाजारात मिळतंच. हे खडे माझ्या आईच्या कुड्यांतले. तेच नेमके वजा?" मी त्यांना परिपत्रकाचा क्रमांक सांगितला. निवृत्तीनंतर मात्र मला राहून राहून वाटायला लागलं, की त्या वजा केलेल्या खड्यांचं आपण काहीतरी देणं लागतो. हे बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "देणं तुमचं असेल. पेन्शन दोघांची आहे."

रविवार पेठेत, बोहरी आळीच्या बाजूला मण्यांची दुकानं आहेत. तिथे साठीचा पुरुष एकटा शिरला की दुकानदार आधी त्याच्या हातातली चिठ्ठी शोधतो. "काका, वहिनींनी सॅम्पल दिलंय का?" मी म्हणालो, "सॅम्पल नाही. मी स्वतः बनवणार आहे." दुकानातल्या बायकांनी माना वळवल्या. एकीने शेजारणीला हळूच, म्हणजे मला ऐकू येईल इतपत हळू, सांगितलं, "वेळ जात नसेल हो."

तिथला कारभार निराळा. मणी तोळ्यावर मिळत नाहीत, लाइनवर मिळतात. सोळा इंची लाइन, आठ एमएमचे मणी असतील तर साधारण पन्नास भरतात. ओवायला गिअर वायर, म्हणजे पोलादी तारांचा बारीक पीळ आणि वर प्लास्टिकचं कव्हर. टोक बंद करायला गिअर लॉक, ही मोहरीएवढी नळी, ती पक्कडीने चेपायची. कड्या जोडायला जंप रिंगा. मी सगळं लिहून घेतलं, पावती मागितली, दुकानदार हसला. निघता निघता एक गुलाबी, पैलूदार, पाण्यासारखी नितळ लाइन डोळ्यांत भरली. "हा हायड्रो आहे हां काका," त्याने प्रामाणिकपणे सांगितलं. मी जाणत्यासारखी मान डोलावली. बँकेत न कळलेल्या प्रस्तावांवरही अशीच डोलवत असे.

पुढे कित्येक दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला मी हायड्रो क्वार्ट्झ नावाच्या दुर्मीळ स्फटिकाची माहिती देत होतो. दूधवालाही त्यातून सुटला नाही. शेवटी मुलीने बंगळूरहून फोनवर ते ऐकलं. "बाबा, हायड्रो म्हणजे कारखान्यात केलेली काच. खऱ्या स्फटिकात कुठेतरी ढग असतो, धागा असतो, बारीकशी भेग असते. तुमच्यात एक तरी डाग आहे का?"

माझ्यात बरेच निघतील. खड्यात एकही नव्हता.

मग मी अभ्यासाला बसलो. फ्रेडरिक मोह्स या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने १८१२ साली दगडांची उतरंड लावून ठेवली आहे. कोण कुणावर ओरखडा काढू शकतो, एवढाच निकष. तळाला १ वर संगजिरं, २ वर जिप्सम, ३ वर कॅल्साइट. वर चढत ७ वर स्फटिक, ८ वर पुष्कराज, ९ वर माणिक आणि नीलम, १० वर हिरा. आपलं नख अडीचच्या आसपास. यातली गंमत अशी, की पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत. ९ आणि १० मध्ये एका अंकाचंच अंतर दिसतं, पण ते १ ते ९ मधल्या सगळ्या अंतराहून मोठं आहे. बँकेतल्या जनरल मॅनेजरांना आणि चेअरमनांना हे समजावून सांगावं लागणार नाही.

हे कोष्टक मी लॅमिनेट करून फ्रीजवर चिकटवलं आणि घरातल्या वस्तू तपासायला घेतल्या. स्फटिकाच्या टोकाने काचेवर ओरखडा उठतो, हे पुस्तकात होतं. तो आमच्या रुखवतात आलेल्या काचेच्या बोलवरही उठतो, हे मी सिद्ध केलं. बायकोने त्या दिवशी काही म्हटलं नाही. फक्त संध्याकाळी आमटी त्याच बोलमध्ये, ओरखडा माझ्याकडे करून वाढली.

खड्यांसाठी जयपूरच गाठायला हवं असं नाही, हा मला लागलेला पुढचा शोध. आपण ज्या काळ्या दगडावर घरं बांधून बसलोय, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. तो थिजताना आत वायूचे बुडबुडे अडकले, आणि पुढे झिरपत्या पाण्याने त्या पोकळ्यांत स्फटिक वाढवले : गुलाबी-पांढरट स्टिल्बाइट, पाणीदार अपोफिलाइट, आणि मोरपिशीकडे झुकणाऱ्या निळ्या रंगाचा कॅव्हनसाइट. हा कॅव्हनसाइट जगात मोजक्या ठिकाणी मिळतो आणि त्याचे नावाजलेले नमुने निघाले ते वाघोलीच्या खाणींतून. ज्या वाघोलीचं नाव आपण फक्त ट्रॅफिकला शिव्या घालताना घेतो, त्या वाघोलीच्या दगडासाठी परदेशातले संग्राहक जीव टाकतात. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात हे सगळं कपाटांतून मांडून ठेवलेलं आहे. तिथे एका पोपटी अपोफिलाइटपुढे मी इतका वेळ उभा राहिलो, की पहारेकरी दोनदा येऊन गेला.

तसाच, पण हाताच्या नखाएवढा, एक स्फटिक मी पुढे विकत घेतला. चौकोनी अंग, वर निमुळता माथा, आत फिकट हिरवं पाणी. त्याचं पेंडंट करायचं, म्हणजे माथ्याखाली भोक पाडायला हवं. फ्रीजवरचं कोष्टक पाहिलं : साडेचार ते पाच. स्फटिकाच्या सातापुढे किरकोळ. वाटीत पाणी घेतलं, तळाला कणकेचा गोळा चिकटवला (कणीक तिंबलेली तयारच होती), त्यात खडा खोचला, आणि हिऱ्याची पूड बसवलेलं एक मिलिमीटरचं टोक छोट्या ड्रिलला लावून पाण्याखाली टेकवलं. कामाला रंग चढला. टोकाभोवती दुधाळ ढग उठायचा, मी ड्रिल उचलायचो, पाणी आत शिरायचं, ढग विरायचा, पुन्हा टेकवायचो. खड्यात तळाकडे सरकणारी पांढरी रेघ स्पष्ट दिसत होती. रेघ मध्यावर आली आणि 'टिक' असा आवाज झाला. चुटकीएवढा. माथा एकीकडे, धड एकीकडे. मधली चीर मात्र करवतीने कापावी तशी सपाट, आणि तिच्यावर मोत्याची झाक.

पुस्तकाचं पुढचं पान मी त्यानंतर वाचलं. कठीणपणा म्हणजे ओरखड्याला दाद न देणं; फुटणं न फुटणं हे खातं वेगळं. कित्येक स्फटिकांच्या रचनेतच एक अशक्त पातळी असते आणि त्या दिशेने थोडा ताण पडला की ते दुभंगतात. अपोफिलाइट त्यातला नामांकित. खुद्द हिराही अशा चार दिशांना चिरता येतो, म्हणून तर तो घडवता आला. उलट जेड कठीणपणात स्फटिकाच्याही खाली, पण इतका चिवट की त्याच्या कुऱ्हाडी करत. बायकोने दोन्ही तुकडे तळहातावर घेतले. "भोक कुठल्या तुकड्याला पाडायचं होतं?" मग कणकेकडे पाहून म्हणाली, "आणि पोळ्या कशाच्या करायच्या?"

मग मी अकीक घेतला. साडेसहा ते सात कठीण, आणि अशा आतल्या चिरांची भानगड नाही. भानगड नव्हती, तशी प्रगतीही नव्हती. एक मणी आरपार व्हायला अख्खी दुपार गेली आणि टोक बोथट झालं ते वेगळंच. तेव्हा मला खंभातचे कारागीर आठवले. रतनपूरच्या खाणीतला पिवळट दगड मंद आचेवर भाजायचा, आतल्या लोहामुळे तो तांबडा होतो, मग घडवायचा, मग भोक पाडायचं, असं तिकडे पिढ्यानपिढ्या चाललंय. हडप्पाच्या लोकांचे बोटाहून लांब कार्नेलियनचे मणी मेसोपोटेमियात उरच्या राजेशाही थडग्यांत सापडले. त्या काळच्या दगडी टोकांनी प्रयोग करून पाहिले तेव्हा भोक तासाला जेमतेम अडीच मिलिमीटर पुढे सरकलं. एवढं लांब कशाला, शिरूर तालुक्यात घोड नदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ साली उत्खनन सुरू केलं. तिथल्या तीन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीतही अशा दगडांचे मणी मिळाले. त्यांच्याकडे वीज नव्हती, ड्रिल नव्हतं, यूट्यूब नव्हतं. बहुधा म्हणूनच जमलं.

या कामाला एक काळी बाजूही आहे आणि ती विनोदात घेण्यासारखी नाही. अकीक घासताना उडणारी धूळ खंभातच्या कामगारांच्या फुफ्फुसात बसते आणि सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही. हे वाचल्यापासून एखादी लाइन फारच स्वस्त मिळाली की माझा आनंद थोडा उतरतो. आमच्याकडे त्याचा परिणाम असा झाला, की कोरडं ड्रिल चालवायला बंदी आली, आणि पाण्याखाली चालवायचं तरी मास्क, गॉगल आणि डोक्याला टॉवेल अशा वेषात. कुरिअरवाला एकदा तसं पाहून पार्सल पायरीवरच ठेवून गेला. भोकं पाडण्याचा नाद मी सोडला. भोक असलेले मणी आणायचे आणि ओवायचे, इतकंच.

ओवण्यात काय बिघडणार? मी फिरोजाची सुरेख माळ केली आणि मेव्हणीला तिच्या पुतणीच्या लग्नात भेट दिली. निळ्यावर काळ्या शिरा, मध्ये चांदीचे मणी. मेव्हणीला इतकी आवडली की तिने ती तिथल्या तिथे गळ्यात घातली. लग्न नागपूरला, मे महिन्यात, लॉनवर. पंगती उठेपर्यंत घामाने आपलं काम केलं होतं. माझा फिरोजा फिरोजा नव्हता, हावलाइट होता : कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियात हेन्री हाऊ या रसायनशास्त्रज्ञाने १८६८ साली नोंदवलेला पांढरा, सच्छिद्र दगड. त्याच्या राखाडी-काळ्या शिरा फिरोजासारख्याच दिसतात, आणि तो कुठलाही रंग पिऊन घेतो. माझ्या माळेतल्याने निळा रंग प्यायला होता आणि आता तो परत देत होता. फोटोग्राफर म्हणाला, "मॅडम, मान थोडी खाली घ्या." समुद्रमंथनात शंकराने हलाहल प्यायलं म्हणून कंठ निळा झाला, मेव्हणीने काही न पिता साधलं. हलाहल नंतर तिच्या नजरेतून माझ्याकडे आलं.

मॅलकाइटच्या अंगठीचं थोडक्यात सांगतो. चांदी काळवंडली होती, चांदी लिंबाने निघते हे आपल्याकडे पोरासोरांना माहीत. अंगठी लिंबाच्या रसात सोडली तर खड्याभोवती बारीक बुडबुडे यायला लागले. मला वाटलं, मळ निघतोय. मॅलकाइट म्हणजे तांब्याचं कार्बोनेट. निघत होता तो खडाच. चकाकी गेली, हिरव्या वलयांवर राख फासल्यासारखा थर आला. मोती आणि पोवळं यांचंही हेच : ते तर चुनकळीच्याच गोत्रातले, आंबटाशी त्यांचं जन्माचं वैर. नवरत्नांत या दोघांना बसवणाऱ्याने निदान 'लिंबापासून दूर ठेवा' एवढं लिहून ठेवायला हवं होतं.

आता डाख. नुसत्या माळा ओवून कलाकार होता येत नाही, चांदी घडवायला हवी, असं माझ्या मनाने घेतलं. बाल्कनीत विटा मांडल्या, छोटी गॅस बत्ती आणली, सवागी आणली. चांदीच्या दागिन्यात हजारातले ९२५ भाग चांदी, बाकी बहुधा तांबं. शुद्ध चांदी ९६१ अंशांना वितळते, ही मिश्र चांदी त्याच्या थोडी आधीच, आणि डाख तिच्याही आधी. डाख आणि मिश्र चांदी यांच्या वितळण्यामधल्या फटीत थांबायचं, हीच सगळी विद्या. चांदी उष्णता इतक्या झपाट्याने पसरवते, की नुसता सांधा तापवून भागत नाही, सबंध डाग तापवावा लागतो. मी सबंध डाग तापवला. आधी सवागी फुगली, मग काचेसारखी पसरली, चांदी लालसर झाली, डाख चमकला. इथे थांबायचं. मी मात्र आणखी नीट दिसावं म्हणून चष्मा वर केला, आणि अंगठी मिटून गोळा झाली.

त्या गोळ्यात एक जमुनिया होता. खडा बसवून झाल्यावर डाख देत नाहीत, हे कुठल्याही सोनाराच्या पोराला विचारलं असतं तर कळलं असतं. जांभळा रंग उडाला होता, मधून तडा गेला होता, आणि कडेला जरासा पिवळेपणा आला होता. मी अजिबात खचलो नाही. बाजारातला बराचसा सुनहला हा भट्टीत तापवलेला जमुनियाच असतो. म्हणजे मी एका परीने सुनहला तयार केला होता. बायकोला मी ते अभिमानाने दाखवलं. वरच्या मजल्यावरून विचारणा झाली, "काका, तुमच्याकडे काय जळतंय?" खालून बायकोने उत्तर दिलं, "पेन्शन."

एवढं झाल्यावर शहाण्याने थांबावं. मी प्रदर्शनात टेबल घेतलं. कोथरूडमधलं कार्यालय, दिवाळीच्या आधीचा शनिवार-रविवार. डावीकडे उपवासाची भाजणी, उजवीकडे आयुर्वेदिक उटणं, मध्ये मी आणि मखमलीवर मांडलेल्या माळा. किमती मी शास्त्रशुद्ध काढल्या होत्या. खडे, वायर, लॉक यांचा खर्च. शेवटच्या पगाराच्या स्लिपवरून काढलेला तासाचा दर गुणिले लागलेले तास. साधी अकीकाची माळ बोरमाळेच्या किमतीला गेली. बायकोने आदल्या रात्री कागद हातात घेतला आणि 'मजुरी' या ओळीवर काट मारली. "ही वजा करा, मग राहील ती किंमत." मी काही बोललो नाही. त्या आजींना मी हेच सांगितलं होतं, फक्त परिपत्रकाचा क्रमांक जोडून.

गिऱ्हाइकं आली. पहिल्या बाईंनी गुलाबी माळ उचलली. "खरे आहेत का खडे?"

"नाही. काच आहे. हायड्रो."

मी पाटीवरही तसं लिहिलं होतं. त्या खाली ठेवून निघून गेल्या. दुसऱ्या आल्या. "हा जमुनिया नीलमऐवजी चालतो ना? मुलाला साडेसाती आहे." मी म्हणालो, "रत्नशास्त्राप्रमाणे हा क्वार्ट्झ, नीलम म्हणजे कोरंडम, कठीणपणा सात आणि नऊ." त्या म्हणाल्या, "मी शनीचं विचारतेय." एका आजोबांनी प्रत्येक माळेची किंमत विचारली, प्रत्येक वेळी "बरं" म्हणाले आणि शेवटी म्हणाले, "मी पण करतो. लोकरीचे गणपती." एका तरुण मुलीने खरोखरच पाकीट काढलं. मी उत्साहाच्या भरात तिला सांगितलं, की ही माळ अत्तरापासून, घामापासून, लिंबापासून आणि जमिनीवर आपटण्यापासून जपायची. तिने पाकीट परत पर्समध्ये टाकलं. संध्याकाळी भाजणी संपली, उटणं संपलं. शेजारच्या काकूंनी जाता जाता माझी एक माळ घेतली. मी ओळखलं, की भाजणीची उरलेली पिशवी मी घेतली होती म्हणून.

या सगळ्यातून शेवटी हाताला जे लागलं, ते सासूबाईंमुळे. त्यांची मोत्यांची एकपदरी माळ सैल झाली होती. तिचे मोती त्यांनी विश्वासाने माझ्या हाती दिले, आणि मी ते गिअर वायरमध्ये ओवले. मोती असे गळ्यावर रुळायला हवेत. ही माळ गळ्याभोवती कड्यासारखी उभी राहिली. सासूबाई आरशात बघत म्हणाल्या, "जावईबापू, ही गळ्यात घालायची की टांगायची?" मग मी तुळशीबागेजवळच्या एका पटवेकऱ्याकडे गेलो. दोन दुकानांच्या मधल्या जागेत बसणारा म्हातारा, समोर रेशमाची रिळं. दोऱ्याचं टोक पायाच्या अंगठ्याला अडकवलेलं. मी माझं ज्ञान त्याच्यापुढे मांडलं : मोह्स, हावलाइट, क्वार्ट्झ, सगळं. तो ऐकत होता आणि ओवत होता. शेवटी म्हणाला, "साहेब, खडा पैसेवाला कुणीही आणतो. गाठ बसली पाहिजे."

त्याने दाखवलं ते असं. मोती ओवायचा, सैल गाठ मारायची, गाठीत सुई घालायची, सुईनेच गाठ मोत्याच्या अंगाशी ढकलत न्यायची, अगदी टेकली की सुई ओढून घ्यायची आणि दोरा ताणायचा. प्रत्येक मोत्यानंतर एक गाठ. मोती मऊ असतात, एकमेकांवर घासले तर झिजतात, ती गाठ मध्ये बसून त्यांना वेगळं ठेवते. आणि कधी दोरा तुटलाच, तर घरंगळतो एकच. बघायला सोपं. घरी बसलो तेव्हा माझ्या गाठी मोत्यापासून दोन दोन मिलिमीटर लांब बसू लागल्या, पायाला मुंग्या आल्या, अंगठा निळा पडला. सासूबाईंनी टीव्ही बंद करून मला बघायला सुरुवात केली. हळूहळू, त्यांचं सगळं मराठी मालिकाविश्व बुडवून, गाठ बसायला लागली. माळ पूर्ण झाली, गळ्यावर रुळली. त्यांनी ती ओढून पाहिली, मग जोर लावून ओढून पाहिली. "टिकेल," त्या म्हणाल्या. इतकं मोठं प्रशस्तिपत्र मला बँकेतही कधी मिळालं नव्हतं.

ही बातमी सोसायटीत फिरली. आता कुणाची काळी पोत तुटते, कुणाच्या तन्मणीचा दोरा विरतो, कुणाच्या नातीची पोवळ्यांची माळ. सगळं आमच्याकडे येतं. मी रीतसर मोजून, वजन करून, 'मणी इतके, लॉक एक' अशी पावती देतो, कारण जन्मभराची खोड जात नाही. येणाऱ्या बायका माझ्या मखमलीवरच्या निर्मितीकडे कौतुकाने बघतात, तिला हात लावत नाहीत आणि आपली पोत पुढे करतात. घडवायला निघालो होतो नवे दागिने; करतोय ती लोकांच्या जुन्या दागिन्यांची डागडुजी. मजुरी विचारली तर मी नको म्हणतो. घडणावळीचा रकाना मी स्वतःच इतकी वर्षं फॉर्मात नसलेला पाहिलाय, आता कुठल्या तोंडाने मागू?

परवा शेजारच्या काकू आपली ठुशी घ्यायला आल्या आणि म्हणाल्या, "हात बसलाय तुमचा. आता ते रंगीत खडे आणायचं सोडा बाई एकदाचं." आतून बायकोने अनुमोदन दिलं. मी मान डोलावली, प्रस्ताव कळलेला असूनही. कारण जयपूरहून लॅब्राडोराइटची एक लाइन निघालेली आहे : करडा दगड, उजेडात फिरवला की आत निळा-हिरवा झोत पेटतो. त्यालाही आतून दोन दिशांना दुभंगण्याची सोय असते, हे मला ठाऊक आहे. म्हणून या खेपेस भोकं पाडलेले मणीच मागवलेत. पार्सल गुरुवारी दुपारी चार ते पाचच्या दरम्यान यावं, असं मी कुरिअरवाल्याशी बोलून ठेवलंय. त्या वेळी बायको भजनाला असते.